वाशावरची मोळी

धाकटी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिची समजूत अशी, की धोब्याच्या घरी हात पाण्यात घातले की काम झालं. पाणी आधी तापवावं लागतं, आणि त्यासाठीचं जळण आपल्या पायांनी चालत दारात येत नाही, हे तिला दुसऱ्याच सकाळी कळलं. थोरल्या जावेने तिच्या हातात दोर दिला, डोक्यावर ठेवायला जुन्या चादरीची चुंबळ वळून दिली आणि म्हणाली, "चल. खाली पडलेलं, वाळलेलं तेवढंच उचलायचं. उभ्या झाडाला कोयता लावलास, तर रानाचा राखणदार आपल्या दोघींचीच मोळी बांधेल."

धाकटीला हसू फुटलं. सासरी आल्यापासूनचं ते पहिलं हसू. तिथून दोघींचं जमलं ते जमलंच. जावाजावांचं जमतं असं सांगितलं तर लोक आपल्याकडे संशयाने बघतात. पण इथे होतं तसं, त्याला आता कोण काय करणार?

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, मागच्या खोलीत झोपणं, रांधणं, भांडणं. मागच्या अंगणात भट्टी, म्हणजे विटांची मोठी चूल आणि तिच्यावर एखादा माणूस आत बसून अंघोळ करील एवढं तांब्याचं पातेलं. बसथांब्याजवळच्या लॉजमधून चादरी, अभ्रे, टॉवेल यायचे. ते सोडा घालून उकळायचे, खळबळून काढायचे, पिळायचे आणि अंगणभर ताणलेल्या दोऱ्यांवर वाळत घालायचे. "माणूस घर सोडून निघाला, की त्याला सांडायची मुभाच मिळते," असं थोरली प्रत्येक डागाकडे बघून म्हणायची.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही चांगले, दोघेही अबोल, आणि दोघेही बायकांना मागे ठेवून आपले लवकर निघून गेले. धाकटीला मूल झालं नाही. थोरलीचा मुलगा दोघींच्या हाताखाली वाढला, दोघींचा मार खाऊन शहाणा झाला आणि दूरच्या शहरात ट्रक चालवायला लागला. मग घरात राहिल्या दोघी आणि ती भट्टी. भट्टीला रोज खायला लागायचं. रान जवळच, गावामागच्या टेकडीवर. जायला चढ, यायला उतार, आणि उतारावर डोक्यावर मोळी.

अशाच एका उतारावर थोरली पडली.

ती पडली हे धाकटीला त्या दिवशी कळलंसुद्धा नाही. दोघी वेगवेगळ्या अंगाला काटक्या वेचत होत्या. थोरली मागाहून आली, लुगड्याला माती होती, पण रानात मातीच असते. कळलं ते चादर पिळताना. दोघी समोरासमोर उभ्या राहून चादर पिळायच्या, एकीने उजवीकडे पीळ द्यायचा, दुसरीने डावीकडे. धाकटी आपली पिळतेय, पिळतेय, आणि पलीकडच्या टोकाला पीळ काही चढेना. तिने मान वर करून बघितलं तर थोरली ओठ घट्ट मिटून उभी, मनगट सुजून टम्म झालेलं.

"कधी झालं हे?"

"काही नाही गं. परवा जरा टेकले होते."

"टेकला होतात? याला टेकणं म्हणतात होय?"

थोरलीची ही जन्माचीच खोड. दुखलं तरी सांगायचं नाही. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हाही म्हणे ती अभ्र्यांना इस्त्री करत होती आणि उरलेले अभ्रे कोण करणार म्हणून सुईणीशी वाद घालत होती.

मुलाला फोनवर कळलं. सांगणारी धाकटीच, तिच्या पोटात काही राहत नाही. तो दोन दिवसांची सुट्टी काढून आला, आईच्या मनगटावरचं फडकं बघितलं आणि म्हणाला, "आई, तू पडलीस त्याचं मला एवढं नाही. तू सांगितलं नाहीस त्याची भीती वाटते. उद्या कुठे दरीत पडशील आणि वरून म्हणशील, जरा टेकलेय. पुन्हा असं झालं तर मी तुला घेऊन जाणार. मग हो नाही काही ऐकणार नाही."

मग तो काकूकडे वळला. "काकू, तुलाही नेलं असतं गं. पण माझ्या त्या खुराड्यात..."

"मी कुठे यायचं म्हणते?" धाकटी म्हणाली. "भट्टी कोण बघेल?"

बोलली ठसक्यात, पण आत वेगळंच चाललं होतं. थोरली गेली तर या घरात कुणाशी भांडायचं? सकाळी उठून कुणाला विचारायचं, की आज ढग आहेत, मोठ्या चादरी आज उकळू की उद्या? चादर पिळायला दुसरं माणूस मिळेलही, पण दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पीळ द्यायला इतकी वर्षं लागतात. त्या रात्री धाकटीने मनाशी पक्कं केलं, की जाऊबाईंच्या डोक्यावर मोळी पुन्हा चढवायची नाही. दुसरी काहीतरी युक्ती काढायची.

युक्त्यांना तोटा नव्हता, त्या चालायच्या नाहीत एवढंच. आधी तिने शेजारणीच्या माळ्यावरची जुनी बाबागाडी मागून आणली. सडकेवर ती बाबागाडी अशी ऐटीत चालली, की येणारेजाणारे आत वाकून बघायचे आणि आत कोयता बघून दचकायचे. पण रानात शिरल्याबरोबर तिचं एक चाक मुळाला अडलं आणि दुसरं निखळून उतारावरून आपल्या वाटेने निघून गेलं. मग ताडपत्री. लाकडं तिच्यावर रचायची आणि ओढत आणायची. वाळक्या पानांवरून ताडपत्री अगदी लोण्यासारखी सरकली, ती इतकी, की उतारावर तिनेच दोघींना गाठलं आणि पायांत घुसून दोघींना बसवलं. पानांच्या ढिगात बसल्या बसल्या थोरली म्हणाली, "आता हेही फोनवर कळव."

धाकटीने कानाला खडा लावला. यातलं काहीच कळवलं नाही.

शेवटी तिची नजर अंगणातल्या वाशावर गेली. ओल्या चादरींनी दोरीला झोल पडला की तिला मधून उचलून धरायला एक लांब, गुळगुळीत वासा असायचा. तो घ्यायचा, दोन टोकं दोघींनी खांद्यावर ठेवायची आणि मोळी मध्ये टांगायची. डोक्यावर काही नको आणि वाकायलाही नको. दोघी वासा घेऊन रानात गेल्या, मोळी बांधली, दोराचा फास वाशावर चढवला आणि "एक, दोन" म्हणून उचललं. चालायला लागल्या मात्र, दोघींची टक्कर झाली.

झालं होतं असं, की दोघी एकमेकींकडे तोंड करून उभ्या होत्या. जन्मभर चादर तशीच धरलेली. पिळायची तशी, झटकायची तशी, घडी घालायची तरी टोकं धरून एकमेकींकडेच चालत यायचं. वाशाची टोकं हातात आली तशी पायांनी आपली सवय पाळली. थोरली हसून हसून मोळीवरच बसली. "अगं, घडी घालायची नाहीये याची! घरी न्यायचंय!"

मग ठरलं, थोरली पुढे, धाकटी मागे. आणि ही युक्ती चालली. एकच खोट निघाली. उतार लागला की मोळी वाशावरून घसरत पुढे थोरलीच्या पाठीवर जायची. त्यावर धाकटीने फासाला एक लांब दोरी बांधली आणि तिचं टोक आपल्या मुठीत ठेवलं. मोळी पुढे जायला लागली की ती दोरी ओढून धरायची. थोरलीला मागचं काही दिसायचं नाही. धाकटीलाही थोरलीचं तोंड दिसायचं नाही. दिसायची फक्त मान, अंबाडा आणि टाचा.

इतकी वर्षं जिचं तोंड बघून मन ओळखायचं, तिची पाठ वाचायला शिकणं सोपं नव्हतं. पण धाकटी शिकली. थोरली गप्प चालत असली की सगळं ठीक. ती बोलायला लागली, लॉजवालीच्या नव्या पडद्यांना नावं ठेवायला लागली, की समजायचं, खांदा भरून आला. मग धाकटी हळूच दोरी ओढायची. फास मधून सरकून जरा तिच्याकडे यायचा, वजनही तिच्याकडे यायचं, आणि थोडं चाललं की पुढचं बोलणं थांबायचं.

दिवस जात राहिले तशी मोळी मागे मागे येत गेली. थंडी पडेपर्यंत फास धाकटीच्या खांद्यापासून वीतभर राहिला होता. मोळी तिच्या गुडघ्यांवर आपटायची. झंपराच्या आत टॉवेलची घडी ठेवून ती चालायची, तरी खांद्यावर काळंनिळं उमटलंच. पण तिच्या मनाला त्याचं काही नव्हतं. उलट एक चोरटं समाधान होतं, लहान मुलाने दुसऱ्याच्या खिशात गुपचूप खाऊ टाकावा तसं.

थोरली मात्र खुशीत. "बघ, किती सोपं जातंय आता! अंगात पुन्हा ताकद आली माझ्या." मुलाला फोनवर तर ती गर्जूनच सांगायची, "अर्धी मोळी मी आणते. अर्धी! विचार तुझ्या काकूला."

"हो रे बाबा, अर्धी," काकू म्हणायची आणि खांदा चोळायची.

एवढं ऐकल्यावर बघायला तो येणारच. आला, आणि दुसऱ्या सकाळी दोघींबरोबर रानात निघाला. मोळी बांधून झाल्यावर म्हणाला, "काकू, आज तू मोकळी चाल. मी मागे."

"नको नको, तुला सवय नाही."

"ट्रक चालवतो मी. मोळी उचलता येते मला."

धाकटीला पुढे काही बोलता येईना. त्याने सरळ मनाने फास वाशाच्या बरोबर मध्ये चढवला, मूठभर इकडे नाही की मूठभर तिकडे नाही. दोरीचं शेपूट कशासाठी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, तरी धरायचं असेल म्हणून त्याने धरलं. दोघांनी उचललं. धाकटी रिकाम्या हातांनी बाजूने चालू लागली आणि तिचा जीव टांगणीला लागला.

थोडा वेळ सगळं शांत. मग थोरली बोलायला लागली. आधी लॉजवालीचे पडदे. मग शेजारणीची सून. मग राखणदाराचं टक्कल. मुलगा मागून हसत होता, आई किती रंगात आलीय म्हणून. थोरलीची मान आत ओढली गेली होती, टाचा फाकल्या होत्या, आणि बोलणं थांबत नव्हतं. राखणदाराच्या टकलावरून ती सोड्याच्या वड्यांवर आली, तेव्हा धाकटीला राहवलं नाही.

"ठेवा! ठेवा खाली! दिसत नाही का रे तुला, तिला पेलत नाहीये!"

मोळी खाली आली. मुलगा गोंधळून उभा. थोरलीने मागे वळून आधी धाकटीकडे बघितलं, मग वाशावरच्या फासाकडे, मग पुन्हा धाकटीकडे. ती भोळी असेल, पण खुळी नव्हती.

"फास रोज इथेच असतो?"

धाकटी पायाच्या अंगठ्याने पानं उकरत राहिली.

"तुला विचारतेय मी. कुठे असतो?"

धाकटीने बोट दाखवलं. थोरलीने त्या जागेकडे बघितलं, मग पुढे होऊन धाकटीच्या पदराआडचा टॉवेल बाहेर ओढला. लॉजचाच टॉवेल होता, घड्या पडून पडून कडक झालेला. टॉवेल हातात धरून एकटी घराकडे चालू लागली. मोळी मुलाने डोक्यावर घेतली, वासा धाकटीने, आणि तिघं एकामागून एक उतरली.

घरी आल्यावर थोरलीने फळीवरची पिशवी काढली आणि तिच्यात दोन लुगडी घातली. "दुपारची बस आहे ना? चल, येते मी."

पेललं नाही तर न्यायचंच असं ठरवून मुलगा आला होता खरं तर, पण आता त्याचा पाय उचलेना. "आई, जरा बस तरी."

"कशाला बसू? आयुष्यात कुणाला माझं ओझं दिलं नाही. आणि ही रोज माझ्या पाठीमागे, माझ्या पाठीमागेच की, माझं उचलते आणि वर म्हणते, अर्धी! मी लोकांना सांगत सुटले अर्धी अर्धी म्हणून. हसू केलंस माझं."

"मी नाही हसले," धाकटी म्हणाली.

"विचारलंस तरी होतंस का मला?"

"विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं?" धाकटीचा आवाज चढला. "मनगट सुजलं तेव्हा सांगितलंत? तुमची पाठ बघून ओळखायचं मी. मान आत गेली, ओढ दोरी. बोलायला लागलात, ओढ दोरी. दुसरं काय करणार होते? आणि आता निघालात ना? जा. मग सगळीच मोळी माझ्या खांद्यावर येणार आहे. सगळीच येणार, तर तुम्ही असताना थोडी जास्तीची घेतली त्यात माझं काय गेलं? पुढे तुम्ही होतात ना!"

एवढं बोलून ती अंगणात गेली आणि भट्टीत लाकडं घालायला लागली. धूर डोळ्यांत जात होता हे खरं, पण तिचे डोळे धुराने भरले नव्हते, आणि ते लपवायचं तिला आता सुचलंही नाही.

बऱ्याच वेळाने थोरली बाहेर आली. हातात इस्त्रीखाली गरम केलेलं सुती फडकं होतं. "खांदा उघड," ती म्हणाली. धाकटीने पदर सारला. काळ्यानिळ्या डागावर ते ऊबदार फडकं टेकलं तशी धाकटी कळवळली, आणि थोरलीने फुंकर घातली, मुलगा लहान असताना त्याच्या गुडघ्यावर घालायची तशी.

"वेडी आहेस," थोरली म्हणाली.

"तुम्हाला दुखत होतं का हो? अगदी सुरुवातीला, फास मध्ये होता तेव्हा?"

थोरली फडक्याची घडी बदलत राहिली. "हो," मग ती म्हणाली. "दुखायचं. फार दुखायचं."

एवढी वर्षं एका घरात काढून हे शब्द धाकटीने तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. दारात उभ्या असलेल्या मुलानेही ऐकले. दुपारची बस तशीच निघून गेली, कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने मुलाला वासा बाहेर काढायला लावला. कालचीच मोळी अंगणात होती, ती टांगली. "कोयता घे आणि याला खाच पाड. फास खाचेत बसला की कुणाला चोरून सरकवता येणार नाही. पुढेही नाही, मागेही नाही."

"कुठे पाडू?"

धाकटीने लगेच आपल्या टोकाशी बोट ठेवलं. थोरलीने ते चापट मारून उडवलं. "एवढीही मी म्हातारी नाही झाले. उचल."

दोघींनी वासा खांद्यावर घेतला. फास मध्ये होता. थोरली पुढे, तोंड कुंपणाकडे. "आता ओढ. हळूहळू ओढ, मी सांगते तोपर्यंत."

धाकटीने दोरी जराशी ओढली आणि थांबली.

"अजून," थोरली म्हणाली.

धाकटीने आणखी ओढली.

"अजून." हा शब्द काढताना तिला किती कष्ट पडत होते ते मागून मानेवरही दिसत होतं. तिने डोळे मिटले असावेत. मुलगा कोयता घेऊन शेजारी उभा होता आणि आईच्या तोंडाकडे बघत होता. "अजून थोडं. अजून... बस. इथे. एवढं मी आणीन. याच्यापेक्षा जास्त मला नाही पेलत."

फास मध्यापासून बराच मागे आला होता, पण धाकटी चोरून आणायची तेवढा नव्हे. मुलाने तिथे कोयत्याने खूण केली, वासा खाली घेतला आणि पायाखाली धरून खाच पाडायला लागला. लाकडाच्या पांढऱ्या ढलप्या अंगणात उडत होत्या आणि थोरली त्या वेचून भट्टीत टाकत होती. जळण ते जळण.

खाच झाल्यावर त्याने अंगठा आत फिरवून कुसळं काढली. आईची भरलेली पिशवी दारातच होती. तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "आणि पुढच्या वर्षी, आई? एवढंही नाही पेललं तर?"

"तर तुला सांगेन," थोरली म्हणाली. "ये आणि अजून मागे दुसरी पाड. वासा चांगला लांब आहे."

त्याने मान डोलावली. मग आत जाऊन पिशवीतली दोन लुगडी काढली, आईच्या फळीवर जागच्या जागी ठेवली, आणि त्याच पिशवीत आपले कपडे भरले.